रेडिओ बंद करून बोला

रेडिओवरच्या आमच्या मराठी तासाला फोन आला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "आधी घरातला रेडिओ बंद करा, मग बोला." तसं केलं नाही तर फोनमधून रेडिओ आणि रेडिओतून फोन असं काहीतरी होतं आणि स्टुडिओत कान फाटतील अशी शीळ वाजते. ती का वाजते ते स्टुडिओतल्या सारंगने मला दोनदा समजावलं होतं. कारण डोक्यात शिरलं नाही, वाक्य मात्र पाठ झालं. त्याच वाक्यामुळे एकदा मोठा घोटाळा झाला.

२००८ साल होतं. सिडनीतल्या ब्लॅकटाउनला मुलाकडे, यतीनकडे, येऊन मला तीन वर्षं झाली होती. स्टेशनपासून दहा मिनिटांवर एका हॉलच्या मागे रेडिओच्या दोन खोल्या होत्या. रविवारी सकाळी दहा ते अकरा मराठी. आमच्या आधी माल्टाची म्हातारी मंडळी असायची, नंतर सामोआच्या चर्चची. तिन्ही भाषांचं भांडण फक्त एकाच गोष्टीवरून व्हायचं, किटलीत पाणी कोणी भरायचं.

कार्यक्रमाची जबाबदारी चित्रलेखाची. ती पुण्याची, आयटी कंपनीत नोकरीला, आणि रेडिओचे सगळे नियम तिला तोंडपाठ. माइकवर बोलायचा सारंग. तो नाशिकहून युनिसाठी, म्हणजे युनिव्हर्सिटीत शिकायला आलेला, आता पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना मिळवून मोबाइलच्या दुकानात लागला होता. आवाज असा की जाहिरात वाचली तरी लोक थांबून ऐकतील. आणि फोनवर मी. नाव, राहायचं ठिकाण, नंबर आणि हवं ते गाणं वहीत लिहायचं एवढंच काम. मी लिहायला शिकले पन्नाशीनंतर, फलटणचा भाजीचा गाळा सोडल्यावर. त्यामुळे अक्षर मोठं, एका पानावर चारच नावं मावायची. सारंग म्हणायचा, "आजी, तुमची वही रस्त्यापलीकडून वाचता येते."

दर रविवारी दहा वीसला टूनगॅबीच्या मधूचा फोन यायचा. पहिल्यांदा फोन केला तेव्हा ती नंबर द्यायला बिचकली होती.

"काकू, नंबर कशाला?"

"गाणं नाही मिळालं तर कळवायला. वहीत राहतो, कुणाला देत नाही."

हे मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. मीच म्हटलं होतं.

त्या वर्षी सिडनीत आपली मुलं नुसती लोटत होती. कुणी अकाउंटिंगला, कुणी स्वयंपाकाच्या कोर्सला, कुणी केस कापायच्या. दोन खोल्यांत सहा-सातजण, दिवसा कॉलेज, संध्याकाळी टॅक्सी नाहीतर सुपरमार्केटात माल लावायचा. सारंगला वाटायचं, ही मुलं आपल्या कार्यक्रमाकडे वळली पाहिजेत.

"आपलं ऐकणारे सगळे साठीपुढचे, आजी. ही पोरं मोठ्या स्टेशनांवरचे प्रँक कॉल ऐकतात."

"मग?"

"मग आपण पण करायचे. मराठीत."

म्हणून 'आजची टोपी' सुरू झाली. चित्रलेखाने एका अटीवर होकार दिला. फोन आधी रेकॉर्ड करायचा, मग त्या माणसाला सगळं सांगून विचारायचं, आणि तो हो म्हणाला तरच लावायचा. पहिला फोन पिझ्झा पोचवणाऱ्या एका मुलाला केला. सारंग मॅनेजर बनून म्हणाला, "पुढच्या शनिवारपासून डिलिव्हरी घोड्यावरून. घोडा येतो ना तुला?" मुलगा जरा थांबून म्हणाला, "येत नाही सर, पण शिकेन. ट्रेनिंगच्या तासांचे पैसे मिळतील का?" सगळे हसले, तो मुलगाही हसला, लावा म्हणाला. मीही पदर तोंडाला लावून हसले होते. खोटं कशाला सांगू.

चौथ्या रविवारी चित्रलेखा बहिणीच्या वास्तुशांतीला टार्निटला, मेलबर्नकडे गेली होती. त्या आठवड्यात सारंगने युनिचा माणूस बनून एका मुलीला फोन केला होता. तुझी हजेरी कमी भरली आहे, व्हिसावर परिणाम होईल, असं काहीतरी. ती मुलगी रडली आणि मग लावू नका म्हणाली.

"तिला जोकच कळत नाही," सारंग कुरकुरला. "आता आठ मिनिटं रिकामी आहेत."

"दोन गाणी जास्त लाव."

"पोरं टोपीसाठी रेडिओ लावतात, आजी. थेटच करतो. एखादा हसरा नंबर द्या."

"आधी विचारायचं ठरलं आहे ना?"

"फोन ठेवायच्या आधी सांगणारच की, टोपी आहे म्हणून. नो वरीज."

तेवढ्यात दुसरा फोन वाजला आणि मी तो घेतला. वही समोर उघडी होती. माझ्या भल्यामोठ्या अक्षरात लिहिलेलं त्याने उभ्या उभ्या वाचलं, मधूचा नंबर तळहातावर उतरवला आणि आत गेला. मला हाक मारता आली असती. मी मारली नाही.

काचेपलीकडे त्याने घसा खाकरला आणि ऑस्ट्रेलियन ढंगाचं इंग्रजी सुरू केलं. मला तेव्हा इंग्रजी कामापुरतंही येत नव्हतं. पण मधू घाबरून एकेक शब्द तोडून बोलत होती, त्यामुळे तिचं सगळं कळलं. सारंगने आधी तिला रेडिओ बंद करायला लावला, शीळ वाजू नये म्हणून. मग, हे मला नंतर कळलं, देशात येणारं खाणंपिणं तपासणाऱ्या क्वारंटाइन खात्यातून बोलतो आहे म्हणाला आणि भारतातून काय आणलं आहे ते विचारलं.

"यस सर. मसाला, सर. गोडा मसाला. नो मीट, नो सीड. होममेड."

तो काहीतरी बोलला.

"सिक्स किलो, सर."

तो पुन्हा बोलला. त्यात मला 'बॉइलिंग वॉटर' कळलं, म्हणजे मसाल्यावर उकळतं पाणी ओतून टाकायचं.

"ऑल, सर? ऑल?" आणि मग अगदी लहान आवाजात, "ओके सर. आय डू नाऊ."

तिने फोन ठेवला. सारंग बंद पडलेल्या फोनला म्हणाला, "टोपी, मधूताई," आणि हसत हसत गाणं लावलं.

लगेच फोन वाजायला लागले. पहिले तिघं विद्यार्थी, तिघंही हसत होते. चौथे सेव्हन हिल्सचे पद्माकर जोशी, निवृत्त मास्तर.

"त्या बाईंचा आवाज कापत होता. तिथे कोणी मोठं माणूस नाही का?"

"मी आहे," मी म्हटलं.

त्यांनी फोन ठेवला. मी मधूचा नंबर लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि गाणं चालू असतानाच मी आतल्या खोलीचं दार ढकललं.

"सारंग, तिचा रेडिओ बंद आहे."

"मग?"

"तूच बंद करायला लावलास. टोपी म्हणालास ते तिने ऐकलंच नाही. तिच्या दृष्टीने हे सगळं खरं आहे."

तो हसला. मग हसू हळूहळू उतरलं. "कळेल की. कोणीतरी सांगेल तिला."

"तोवर पाणी उकळलेलं असेल."

"मी तर म्हटलंय, एक वाजता ऑफिसर बघायला येईल," तो पुटपुटला.

अकराला सामोआच्या मंडळींना खुर्च्या देऊन आम्ही निघालो. दिवाळीच्या कार्यक्रमाचं आमंत्रण पाठवण्यासाठी मी मधूचा पत्ता वहीत लिहून घेतला होता. सारंगची दुपारी दुकानात शिफ्ट होती, म्हणून अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि गळ्यात रेडिओचं कार्ड. गाडी तोच चालवत होता. टूनगॅबीच्या एका गल्लीत वळल्यावर त्याने वेग कमी केला.

"आजी, नंबर किती म्हणालात?"

"चौदा."

"चौदा नंबर म्हणजे सुमेधावहिनींचं घर. माझा डबा इथून येतो."

"बघितलं आहेस का तिला?"

"एकदाच, लांबून. गॅरेजमध्ये फळीवर डबे असतात, झाकणावर खूण केलेली. आपला उचलायचा, कालचा धुऊन ठेवायचा. बाकी सगळं एसएमएसवर. बावीसजण आहोत आम्ही. पण ती मधू कशी असेल?"

"मधू माहेरचं नाव असणार. रेडिओवर पुष्कळ बायका माहेरचं नाव सांगतात. सासरी त्या नावाने हाक मारणारं कोणी नसतं."

त्याने गाडी थांबवली तरी हात स्टिअरिंगवरच होते. गल्लीभर गोड्या मसाल्याचा वास पसरला होता, दगडफुलाचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा. शेजारची एक म्हातारी गोरी बाई ॲप्रन लावून कुंपणापाशी उभी होती. तिने सारंगला काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"आज काय शिजतंय, विचारते."

मागच्या अंगणात मधू, म्हणजेच सुमेधा, भांडी घासायचे रबरी मोजे घालून उभी होती. कपडे भिजवायच्या टबात तपकिरी चिखल वाफाळत होता. दोन डबे रिकामे पालथे पडले होते, तिसरा पायरीवर होता आणि तिच्या हातात उकळत्या पाण्याचं पातेलं होतं. सारंगच्या गळ्यातलं कार्ड बघून तिने पातेलं खाली ठेवलं आणि ताठ उभी राहिली.

"सर, टू फिनिश्ड. वन लेफ्ट. माय मदर-इन-लॉ डिक्लेअर्ड ॲट एअरपोर्ट. ऑफिसर स्मेल्ड. ही सेड नाइस." तिने श्वास घेतला. "टेक मसाला, सर. बट डोन्ट स्टॉप माय डबा. ट्वेंटी-टू बॉइज ईट हिअर."

म्हणजे तिला मसाल्याची भीती नव्हतीच. स्वयंपाकघर बंद करतील याची होती. सारंगने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा तोच साहेबी आवाज काढला.

"इट्स ऑल राइट, मॅम. वी कॅन लीव्ह दिस वन..."

त्याच्या मनात काय होतं ते मला भाषेशिवाय कळलं. साहेब बनून तिसरा डबा माफ करायचा आणि निघायचं.

"मराठीत बोल," मी म्हटलं.

तो बूट बघत राहिला. मग त्याने गळ्यातलं कार्ड काढून खिशात घातलं.

"वहिनी, मी सारंग. माझा डबा असतो तुमच्याकडे. लाल झाकणाचा."

तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लाल झाकण? कारलं परत पाठवणारा?"

"हो."

"मग तुम्ही क्वारंटाइनमध्ये आहात?"

"नाही. मघाशी फोनवर मीच होतो. ती गंमत होती. रेडिओवरची."

"रेडिओवर? सगळ्यांनी ऐकली?"

"हो."

तिने एकेक बोट सोडवत दोन्ही मोजे काढले आणि दोरीवर टाकले. तिने आवाज चढवला असता तर सारंगला सोपं गेलं असतं. ती माझ्याकडे वळली.

"तुमचा आवाज ओळखला मी, काकू. नंबर तुम्ही दिलात?"

"वही माझी होती. मी ती उघडी ठेवली. आणि याला थांबवलं नाही."

"कुणाला देणार नाही म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

मग आम्ही तिघंही पायरीवर बसलो, मधे तो उरलेला डबा. तिच्या मोबाइलवर एकामागून एक एसएमएस येत होते. आधी ती भीतीने बघतही नव्हती, आता तिने ते वाचले आणि मोबाइल सारंगच्या हातात दिला. काही मुलांनी तिचा आवाज ओळखला होता. टोपी म्हटलेलं सगळ्यांनी धड ऐकलं नव्हतं, काहींना ते दुसऱ्याकडून अर्धंमुर्धं कळलं होतं. वहिनी, तुमच्याकडे रेड पडली का? वहिनी, उद्यापासून डबा नको, व्हिसाचा प्रॉब्लेम नको. संध्याकाळपर्यंत असे सातजण डबा बंद करणार होते.

"यांना मी काय सांगू?" तिने विचारलं.

"मी सांगतो ना, एकेकाला फोन करतो," सारंग म्हणाला.

"तुमच्या फोनवर कोण विश्वास ठेवील आता?"

त्याने मोबाइल तिला परत दिला.

"जिथून बोललात तिथूनच सांगा," ती म्हणाली. "या घरात काही चोरून आणलेलं नव्हतं, एवढं. मला तुमचं सॉरी नको. आणि सासूबाई फेब्रुवारीत येतील तोवर हा एक डबा पुरायचा नाही. मसाला तुम्ही करून द्यायचा."

"मला येत नाही, वहिनी."

"घोडा शिकायला तयार होता तो मुलगा. तुम्ही मसाला शिका."

म्हणजे ती टोपीसुद्धा ऐकायची. हे ऐकून तो आणखीच खाली बघायला लागला.

संध्याकाळी टार्निटहून चित्रलेखाचा फोन आला; मीच तिला आधी सगळं कळवलं होतं. मी स्पीकर लावला, सारंग समोर होता.

"मी रेडिओच्या कमिटीला लेखी कळवतेय," ती म्हणाली. "माझंही नाव घालून, कारण मी गावाला जाताना दुसरं कोणी ठेवलं नव्हतं. टोपी बंद. सारंग, पुढच्या रविवारी दहाच्या ठोक्याला तू बोलायचंस."

"एखाद्या गाण्यानंतर बोललो तर? लोक जरा जमतील."

"पहिलं वाक्य. मग महिनाभर माइक नाही. काकूंशेजारी बसून फोन घ्यायचे."

शनिवारी सुमेधाच्या गॅरेजमध्ये मसाला झाला. दगडफूल आणि नागकेशर मिळवायला सारंगला तीन दुकानं फिरावी लागली. गॅसवर लोखंडी कढई ठेवून तो भाजत होता, सुमेधा खुर्चीवर बसून सांगत होती, मी तीळ पाखडत होते. डबा चालू ठेवलेल्यांपैकी चौघं मुलं बघायला आली आणि कुटायला लागली.

"आच कमी. खोबरं आहे ते, टायर नाही," सुमेधा म्हणाली.

"किती लाल करायचं?"

"तुमच्या झाकणापेक्षा कमी."

मुलं हसली. मग मिरच्या पडल्या. सगळ्यांना ठसका लागला आणि घरातला धुराचा अलार्म असा कोकलायला लागला की शेजारची गोरी बाई टॉवेल घेऊन धावत आली आणि छताखाली उभी राहून वारा घालू लागली. तिचंही नाक वाहत होतं, पण जायचं नाव घेईना. शेवटी तिला एक बरणी द्यावी लागली.

सुमेधाने चिमूटभर तळहातावर घेऊन चाखलं. "जरा करपलाय."

"परत करू?"

"चालेल. खाणाऱ्यांना कळू दे कोणी केलाय."

सात मुलांचा प्रश्न मात्र तसाच होता.

रविवारी दहाला सारंग माइकसमोर बसला. कागद आणला होता, तो त्याने उलटा ठेवला.

"नमस्कार. मागच्या रविवारी मी इथून खोटं बोललो. आमच्या एका श्रोत्या बाईंनी गाण्यासाठी नंबर दिला होता, तो मी त्यांना न विचारता त्यांच्यावर हसण्यासाठी वापरला. मी सरकारी माणूस असल्याचं सोंग केलं. त्यांच्या घरात चुकीचं काही नव्हतं. मसाला विमानतळावर दाखवून आणलेला होता. त्यांच्याकडून डबा घेतल्याने कुणाच्या व्हिसाला काही होत नाही. मीही तिथलाच डबा खातो, लाल झाकणाचा. त्याआधी एका मुलीलाही मी फोन केला होता. तिने लावू नका म्हटलं, तेव्हा मी म्हणालो तिला जोक कळत नाही. तिला बरोबर कळला होता." त्याने उलटा कागद बाजूला सारला. "एवढंच. गाणं ऐका."

मग तो बाहेर येऊन माझ्या शेजारी बसला. पहिला फोन पद्माकर मास्तरांचा.

"आधी रेडिओ बंद करा, मग बोला," सारंग म्हणाला.

"केलाय. त्या मुलाला सांगा, ऐकलं."

"मीच आहे, सर."

"मग ऐकलं," म्हणाले आणि ठेवला.

दहा वीस झाले. मी वहीवर पेन धरून बसले होते. दहा पंचवीस, दहा चाळीस. आणखी चौघांचे फोन येऊन गेले. आत चित्रलेखा गाण्यांची नावं सांगत होती आणि मधेच काचेतून माझ्याकडे बघत होती. मी मान हलवायची, नाही म्हणून. सामोआची मंडळी येऊन दाराशी उभी राहिली. त्यांच्यातल्या एकाने किटली भरली, तिकडे आमच्यातल्या कुणाचं लक्षच गेलं नाही.

दहा पन्नासला फोन वाजला. सारंगने उचलला.

"आधी रेडिओ बंद करा, मग बोला."

पलीकडून काहीतरी आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग फोनवर हात ठेवला.

"आजी, या नाही म्हणतायत."

मी फोन घेतला. "कोण?"

"मधू, टूनगॅबी. काकू, मी रेडिओ बंद करणार नाही. एकदा केला आणि मुख्य गोष्ट ऐकायची राहून गेली."

"शीळ वाजेल गं."

"वाजू दे. मला आत जोडा. सांगायचं आहे."

मी काचेवर टकटक केलं आणि चित्रलेखाला खूण केली. चित्रलेखा नियमांची बाई, तिने दोन बोटांनी कान दाखवून मला शिळेचं विचारलं. मी मान डोलावली. तिने बटण दाबलं.

ती शीळ अशी वाजली की दारातल्या सामोआच्या एका भल्याथोरल्या बाईने दोन्ही कानांवर हात ठेवले. सारंग डोळे मिटून बसला होता. शिळेच्या मागून मधूचा आवाज येत होता, मोठ्याने, न अडखळता.

"सातातले पाचजण आत्ताच परत आले. एसएमएस आलेत. दोघं नाही आले, त्यांनी गॅरेजमध्ये येऊन डबे बघून जावे. आणि मसाला लाल झाकणाने केलाय, जरा करपलाय, हे पण सांगून ठेवते. आता माझं गाणं लावा, नेहमीचं."

मी वही पुढे ओढली आणि तिचं नाव लिहिलं. नंबरची जागा तशीच सोडून वही मिटली आणि पिशवीत टाकली.